मागे वळणारं रक्त: मायट्रल व्हॉल्व्हच्या दुरुस्तीचा माझा अनुभव

ज्यांच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर ‘सिव्हिअर एमआर’ (हृदयातल्या मायट्रल झडपेची तीव्र गळती) असं लिहून आलंय आणि जे रात्री जागून त्याचा अर्थ शोधताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नोव्हेंबरात मी तिथेच होते. आता ऑपरेशन झालंय, जखम भरलीय आणि मी पुन्हा कामाला लागले आहे. या काळात घरच्यांच्या खालोखाल मला आधार झाला तो रक्त शरीरात कसं फिरतं हे नीट समजून घेतल्याचा. भीती पूर्ण गेली नाही, पण कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे कळत गेलं.

सुरुवात दम लागण्यापासून झाली. आधी जिना चढताना, मग चालता चालता बोलताना. ऑक्टोबरच्या शेवटी तर आडवं पडलं की श्वास अपुरा वाटू लागला आणि एका उशीच्या दोन झाल्या. १८ नोव्हेंबरला फिजिशियनकडे गेले. त्यांनी स्टेथोस्कोप छातीवर डावीकडे खाली ठेवला, तिथून काखेकडे सरकवला आणि बराच वेळ ऐकत राहिले. निरोगी हृदयाचे ‘लब’ आणि ‘डब’ हे दोन आवाज झडपा मिटण्याचे असतात. ‘लब’ला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटतात, ‘डब’ला हृदयाबाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या. या दोन आवाजांच्या मध्ये शांतता हवी. माझ्या छातीत तिथे सलग फुसफुस ऐकू येत होती.

त्याच दिवशी ईसीजी काढला. तो जवळजवळ नॉर्मल आला आणि घरी सगळ्यांना हायसं वाटलं. पण ईसीजी हृदयातली वीज मोजतो. झडप गळतेय की नाही हे त्यातून थेट दिसत नाही. ईसीजी चांगला आला म्हणून पुढची तपासणी टाळू नका, हे मी कळकळीने सांगते. इकोची वेळ २४ नोव्हेंबरची मिळाली.

इकोला डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला थंड जेल लावतात आणि प्रोब फासळ्यांच्या फटींत दाबून फिरवतात. दुखत नाही. पडदा माझ्याकडे वळवता येईल का असं मी विचारलं आणि डॉक्टरांनी तो वळवला. तुम्हीही विचारा. प्रोबकडे येणारं रक्त लाल दिसतं, दूर जाणारं निळं. या रंगांचा शुद्ध-अशुद्ध रक्ताशी काही संबंध नाही, ते फक्त दिशा दाखवतात. दर ठोक्याला डाव्या खालच्या कप्प्यातून वरच्या कप्प्यात एक रंगीबेरंगी झोत उसळत होता. “हे रक्त उलटं जातंय,” डॉक्टर म्हणाले. “पुढे जायला हवं होतं.”

शाळेत शिकलेली आकृती मी त्या रात्री पुन्हा काढली. शरीराला प्राणवायू देऊन आलेलं गडद रक्त उजव्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून खालच्या कप्प्यात, तिथून फुप्फुसांत. फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन ते डाव्या वरच्या कप्प्यात येतं, मग मायट्रल झडपेतून डाव्या खालच्या कप्प्यात, आणि तिथून महाधमनीवाटे सगळीकडे. ही दोन वर्तुळं एकापुढे एक जोडलेली आहेत. उजवीकडून मिनिटाला जेवढं रक्त जातं तेवढंच डावीकडूनही पुढे जावं लागतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण ५ लिटरच रक्त ढकलतं, म्हणजे सरासरी मिनिटाभरात सगळं रक्त एकदा फिरून येतं. चालू लागलो, धावलो तर हेच काम कितीतरी पटींनी वाढतं. आणि ही सगळी व्यवस्था चार झडपांच्या भरवशावर आहे. झडपांना स्वतःचे स्नायू नसतात. पुढे दाब कमी आणि मागे जास्त असला की त्या उघडतात, उलट झालं की मिटतात.

मायट्रल झडपेला दोन पाकळ्या असतात. पॅराशूटला दोऱ्या असाव्यात तसे बारीक तंतू त्यांना खालून धरून ठेवतात, म्हणून कप्पा आवळला तरी पाकळ्या वर उलटत नाहीत. माझ्या मागच्या पाकळीचा एक तंतू तुटला होता. डावा खालचा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा आतला दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरच्या आसपास जातो. वरच्या कप्प्यातला दाब एरवी १०च्या आसपास असतो. एवढा फरक असताना पाकळ्यांत फट राहिली तर रक्त सोप्या वाटेने मागे जाणारच. मग वरचा कप्पा ताणला जातो, त्यातला दाब फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांमध्ये पोचतो आणि फुप्फुसं जड होतात. आडवं झालं की पायांतलं रक्त छातीकडे आणखी येतं, म्हणून दोन उशा. हे समजलं तेव्हा मी रडले, पण मनावरचा एक भार उतरलाही. माझ्या दम लागण्याला आता एक वाट होती, नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल अशी.

रिपोर्टमधल्या एका आकड्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे भलेभले फसतात. माझं इजेक्शन फ्रॅक्शन ५८ टक्के होतं. खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर पडतं, तो हा आकडा. साधारणपणे ५५ ते ७० चांगला मानतात. मग माझा ५८ चांगलाच की! नाही. मायट्रल झडप गळत असताना ‘बाहेर पडलेल्या’ रक्तात मागे गेलेलं रक्तही मोजलं जातं. सोप्या वाटेने मागे ढकलणं हृदयाला जड जात नाही, त्यामुळे आकडा मुळात जास्तच दिसायला हवा. म्हणून झडपेची गळती तीव्र असेल आणि हा आकडा ६० किंवा त्याखाली आला, किंवा आकुंचनाच्या शेवटी कप्प्याची रुंदी ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाली, तर त्रास होत नसला तरी ऑपरेशनचा विचार करतात. माझी रुंदी ४१ होती. ‘माइल्ड’, ‘सिव्हिअर’ या शब्दांवर थांबू नका. आकडे मागा, त्यांचा अर्थ विचारा आणि प्रत्येक रिपोर्टमधले हे दोन आकडे तारखेसह एका वहीत लिहून ठेवा.

दुसरं मत घ्यायचं ठरवलं. पहिल्या डॉक्टरांना ते सांगायला अवघडल्यासारखं झालं होतं, पण त्यांनीच इकोची सीडी काढून दिली. नुसता कागद नेऊ नका, चित्रफीत न्या. दुसऱ्या डॉक्टरांनी निदान तेच सांगितलं आणि टीईई, म्हणजे अन्ननलिकेतून करायचा इको, सुचवला. तो ९ डिसेंबरला झाला. रात्रीपासून उपाशी, घशात कडू फवारा, दातांत एक कडं आणि शिरेतून गुंगीचं औषध. डावा वरचा कप्पा अन्ननलिकेला जवळजवळ चिकटूनच असतो, त्यामुळे मध्ये फासळ्या नाहीत, फुप्फुसं नाहीत, चित्र अगदी स्वच्छ येतं. नळी गिळतानाचा अर्धा मिनिट वाईट होता, पुढचं फारसं आठवत नाही. सोबत कुणीतरी असायलाच हवं. घसा बधिर असेपर्यंत पाणीही पिऊ नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं.

सर्जनची भेट डिसेंबरच्या मध्यावर. इथे विचारायचा प्रश्न एकच: झडप दुरुस्त होईल की बदलावी लागेल? धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली झडप काही वर्षांनी झिजते. दुरुस्तीत आपलीच झडप राहते, आणि माझ्यासारख्या मागच्या पाकळीच्या बिघाडात अनुभवी हातांनी ती बहुतेक वेळा जमते. म्हणून पुढचा प्रश्न: तुम्ही अशा दुरुस्त्या नेहमी करता का? सर्जननी तो अजिबात मनाला लावून घेतला नाही. ज्यांना हा प्रश्न रुचत नाही त्यांच्याकडे मी गेले नसते.

मग कागदपत्रं. विम्याच्या पूर्वमंजुरीसाठी भरलेला फॉर्म एका प्रश्नासह परत आला: आजार पॉलिसी घेण्याआधीचा आहे का? पहिली लक्षणं कधी दिसली याचं पत्र फिजिशियनकडून आणावं लागलं आणि त्यात बरेच दिवस गेले. हे पत्र आधीच घेऊन ठेवा, पहिल्या तपासणीचा केसपेपर जोडा आणि लक्षणांची तारीख सगळ्या कागदांवर एकच आहे ना ते पाहा. खर्चाचा अंदाज लेखी मागा. त्यात झडपेभोवती बसवायची रिंग, आयसीयूचे जादा दिवस, रक्तघटक आणि एकदाच वापरायचं साहित्य धरलंय की वेगळं लागणार आहे, हे एकेक करून विचारा. आम्ही विचारलं म्हणून शेवटी धक्का बसला नाही.

दातांची तपासणीही याच काळात झाली. हिरड्यांतले जंतू रक्तात शिरले तर ते दुखावलेल्या झडपेवर घर करू शकतात, त्यामुळे किडलेली दाढ आधी निस्तरावी लागली. दातांच्या डॉक्टरांचं ‘हरकत नाही’ असं पत्र नसेल तर ऑपरेशनची तारीखच देत नव्हते.

६ जानेवारीला अँजिओग्राफी झाली. छाती उघडणारच आहेत तर हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत अडथळा नाही ना हे आधी पाहतात. मला तोवर वाटायचं की एवढं रक्त आतून वाहतंय तर हृदयाला वेगळा पुरवठा कशाला? पण भिंत जाड असते, कप्प्यांतलं रक्त तिच्यात झिरपत नाही. महाधमनी जिथे सुरू होते तिथेच, झडपेच्या जरा वर, दोन धमन्या फुटतात आणि हृदयाला रक्त देतात. डावा खालचा कप्पा आवळलेला असताना त्याच्या भिंतीतल्या वाहिन्या दाबल्या जातात, म्हणून त्याला मुख्य पुरवठा तो सैल पडतो तेव्हा होतो. शरीराला रक्त आकुंचनात मिळतं आणि हृदय स्वतःचं घेतं ते विसाव्यात. हे ऐकल्यापासून मला या अवयवाबद्दल फार माया वाटते.

नळी मनगटातून घातली. त्याआधी नर्सने मनगटाच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबून मला मूठ आवळायला लावली. तळवा पांढरा पडला. मग करंगळीकडची धमनी सोडल्यावर तो गुलाबी झाला. एक वाट अडली तरी दुसरी हाताला पुरेल, याची ती खात्री. डाय, म्हणजे एक्स-रेत धमन्या दिसाव्यात म्हणून सोडतात तो द्रव, सोडताना क्षणभर अंगभर ऊब पसरते, अगदी लघवी झाल्यासारखी वाटते. ते नॉर्मल आहे. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशीच घेऊन तो एक्स-रे काढायला गेला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. टेबलावर पडल्या पडल्या मला तो आठवत होता. धमन्या स्वच्छ निघाल्या. मनगटावरचा दाबपट्टा हळूहळू सैल करतात, तोवर त्या हाताने काही उचलायचं नाही.

ऑपरेशनची तारीख २० जानेवारीची मिळाली, आदल्या दिवशी भरती. त्या दिवशी सह्याच सह्या. भूल, रक्त देणं, जोखीम, गरज पडल्यास झडप बदलणं. शेवटच्या संमतीवर सही करताना माझा हात थरथरला. प्रत्येक कागद वाचायला वेळ मागा, तो मिळतो. एक प्रश्न ऐकून नवल वाटलं: माशांची ॲलर्जी आहे का? कारण असं की ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रातून फिरताना रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात आणि शेवटी त्याचा परिणाम उतरवायला प्रोटामिन देतात. हे प्रोटामिन सामन माशापासून मिळवलेलं असतं.

संध्याकाळी वाट पाहत बसले असताना विल्यम हार्वे या जुन्या काळच्या इंग्रज डॉक्टरचा प्रयोग करून पाहिला. दंडाला पट्टी बांधली की शिरा फुगतात आणि त्यांच्यावर जागोजागी गाठी दिसतात. त्या शिरांमधल्या झडपा. एक बोट शिरेवर दाबून धरायचं आणि दुसऱ्या बोटाने रक्त हृदयाच्या दिशेने, पुढच्या गाठीपलीकडे सारायचं. मधला भाग रिकामाच राहतो, वरून रक्त परत येत नाही. खालचं बोट उचललं की लगेच भरतो. १६२८ मध्ये हार्वेने अशा साध्या निरीक्षणांवरून आणि हिशेबावरून दाखवून दिलं की रक्त एकाच दिशेने गोल फिरतं. धमन्यांतून शिरांत ते जातं कसं हे मात्र त्याला दिसलं नाही. त्यांना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक केशवाहिन्या १६६१ मध्ये माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. माझी शीर बोटाखाली भरताना पाहून मला खूप शांत वाटलं.

रात्री एक तरुण आला, म्हणाला, “मी परफ्यूजनिस्ट. उद्या तुमचं रक्त मी फिरवणार.” तो स्वतःहून भेटायला आला याचे उपकार मी विसरणार नाही. त्याने सांगितलं: उजव्या बाजूने येणारं रक्त नळ्यांतून यंत्रात घ्यायचं, तिथे प्राणवायू द्यायचा, तापमान सांभाळायचं आणि महाधमनीत परत सोडायचं. हृदय आणि फुप्फुसं दोन्ही वगळून. मग महाधमनीला चिमटा लावून हृदयाला पोटॅशियम असलेलं थंड द्रावण देतात. ते सैल अवस्थेत थांबतं आणि त्याची प्राणवायूची गरज फार कमी होते. काम झालं की चिमटा काढायचा, कोमट रक्त हृदयाच्या धमन्यांत शिरतं, पोटॅशियम धुऊन जातं आणि ठोके सुरू होतात. “आणि नाही झाले तर?” मी विचारलं. “हलका शॉक देतो. बऱ्याचदा लागतही नाही.” असं यंत्र वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन अमेरिकन सर्जन जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी केलं होतं.

ऑपरेशनबद्दल मला स्वतःला काही सांगता येणार नाही. डिस्चार्जच्या कागदावर हृदय थांबलेल्या वेळाचा आकडा मिनिटांत लिहिलेला असतो. तो वाचताना अंगावर काटा आला. पाकळीला कृत्रिम तंतू लावले, भोवती रिंग बसवली आणि हृदय पुन्हा सुरू झाल्यावर तिथेच टीईई करून गळती थांबल्याची खात्री केली.

आयसीयूत शुद्ध आली तेव्हा घशात नळी होती आणि हात सैल बांधलेले. बोलता येत नाही, हे आधी माहीत असलं तर घाबरायला होत नाही. दुखतंय, तहान लागलीय, नातेवाईक हवेत, यासाठी खुणा आधीच ठरवून ठेवा. आम्ही ठरवल्या होत्या. नळी काढल्यावर मी तासन् तास मॉनिटर पाहत होते. मनगटातल्या धमनीतून मोजलेल्या दाबाची लाट उसळायची आणि उतरताना तिच्यावर एक छोटी खाच दिसायची. नर्सने सांगितलं, ती महाधमनीची झडप मिटल्याची खूण.

फिजिओथेरपी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची, खोल श्वास घ्यायचा, पावलं वर-खाली हलवायची. या हालचालींचा कंटाळा करू नका. खोल श्वासाने छातीतला दाब उतरतो आणि शिरांतलं रक्त हृदयाकडे ओढलं जातं. पोटरीचे स्नायू आवळले की शिरा पिळल्या जातात आणि त्यांच्यातल्या झडपा रक्ताला खाली उतरू देत नाहीत. पडून राहिलं तर पायांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

तिसऱ्या दिवशी ठोके अचानक वेडेवाकडे झाले, छातीत फडफड सुरू झाली. मला वाटलं दुरुस्ती फसली. तसं नव्हतं. एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला, झडपांच्या ऑपरेशननंतर ते अनेकांना होतं. वरचे कप्पे नीट आवळण्याऐवजी नुसते थरथरतात. त्यांची शेवटची ढकल न मिळाल्याने खालचा कप्पा थोडा कमी भरतो, आणि वरच्या कप्प्यात साचलेलं रक्त गोठू शकतं. शिरेतून औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी लय परतली. याची कल्पना आधी कुणी दिली असती तर ती रात्र सोपी गेली असती, म्हणून मी देते आहे.

२८ जानेवारीला घरी आले. पहिले काही आठवडे कारण नसताना रडू यायचं. हृदयाच्या ऑपरेशननंतर मन असं खचणं नेहमीचं आहे. डॉक्टरांना सांगा, मी सांगितलं आणि मदत मिळाली. छातीचं हाड जुळेपर्यंत जड उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, उठताना हातांवर भार द्यायचा नाही. उताणं झोपणं जमेपर्यंत मी आरामखुर्चीतच झोपत होते. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी साधारण तीन महिने होती; आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, २ ते ३च्या दरम्यान ठेवायचा. सुरुवातीला रक्ततपासणी वारंवार असते. तारीख, आयएनआर आणि गोळीचा डोस असे तीन रकाने आखून ठेवा. हिरव्या पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. कुठलीही वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

मार्चमध्ये कार्डियाक रिहॅब, म्हणजे देखरेखीखालचा हृदयासाठीचा व्यायाम, सुरू केलं, पहिल्यांदा अगदी मिनिटं मोजून चालणं. एप्रिलच्या अखेरीस इको झाला. वरचा कप्पा थोडा आकसलाय, गळती नाममात्र आहे. इजेक्शन फ्रॅक्शन मात्र ५४ झालंय आणि ते पाहून घरचे चपापले. डॉक्टर म्हणाले, मागे जाण्याची सोपी वाट बंद झालीय, आता हृदय सगळं रक्त पुढेच ढकलतंय, त्यामुळे आकडा सुरुवातीला उतरतो. तुमचाही उतरला तर आधी हे विचारा. माझा पुढचा इको ऑक्टोबरमध्ये आहे. रिंग बसवल्याचं कार्ड पाकिटात असतं. दातांचं काम करून घेण्याआधी ते दाखवायचं, कारण त्याच्या आधी आता दर वेळी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो.